‘परत’ द्यायला जमीन राज्यांची होती कधी?

महोदय,

अमेरिकेच्या पश्चिम भागातील सरकारी जमिनींच्या वादाविषयी लिहिताना ‘केंद्राने जमिनी राज्यांना परत द्याव्यात’ अशी मागणी असल्याचे सर्रास म्हटले जाते. घोळ ‘परत’ या शब्दात आहे. पश्चिमेकडच्या युटा राज्याचेच पाहा. हा मुलूख १८४८ मध्ये मेक्सिकोकडून केंद्राकडे आला. राज्य झाले १८९६ मध्ये. (मूळच्या जमातींकडून जमीन हिसकावली गेली हे खरे, पण युटाची मागणी त्यांच्यासाठी नाही.) राज्याच्या दर्जासाठी झालेल्या १८९४ च्या कायद्यातच उरलेल्या सरकारी जमिनीवरचा हक्क कायमचा सोडण्याची अट होती आणि ती युटाच्या राज्यघटनेतही आहे.

राज्याला मिळाले ते वेगळेच. मोजणीत सहा मैल लांब-रुंद चौकोन पाडत, प्रत्येकात ६४० एकरांचे ३६ गट. त्यांपैकी २, १६, ३२ आणि ३६ क्रमांकाचे गट शाळांच्या खर्चासाठी दिले. म्हणून आजही नकाशात केंद्राच्या पिवळ्या पट्ट्यात राज्याचे निळे चौकोन विखुरलेले दिसतात.

२०२४ मध्ये युटाने सुमारे १ कोटी ८५ लाख एकरांसाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने कारण न देता दावा दाखल करून घेण्यास नकार दिला. त्यामुळे मूळ प्रश्नावर निकाल झालेलाच नाही.

जमीन राज्यांकडे गेली तर ती टिकेल का, हा खरा प्रश्न. शाळांच्या जमिनीतून उत्पन्न काढणे हे राज्याचे विश्वस्त म्हणून कर्तव्यच असते, आणि विक्री हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग. नेवाडाला अशी सुमारे २७ लाख एकर जमीन मिळाली होती, उरली जेमतेम ३ हजार. नव्याने मिळणाऱ्या जमिनीला हाच नियम लागेल असे नाही. पण वणवे विझवण्याचा खर्च अंगावर आला की तिजोरीची नजर आधी जमिनीकडेच जाणार. शिवाय करमुक्त केंद्रीय जमिनीपोटी स्थानिक काउंटींना (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या प्रशासकीय घटकांना) केंद्राकडून १९७६ च्या कायद्यानुसार जी भरपाई मिळते, तिचा आधारही जाईल.

चराईचेही तसेच. केंद्राच्या जमिनीवर एक गाय-वासरू किंवा पाच मेंढ्या महिनाभर चारण्याचा दर २०२५ मध्ये १.३५ डॉलर होता. राज्यांच्या जमिनीवर तो सहसा बराच जास्त असतो. हस्तांतराच्या बाजूने बोलणाऱ्या पशुपालकांनी आपल्याच राज्याचे दरपत्रक एकदा उघडून पाहावे.