कैद्यांचं ऐकून घेणारी माणसं हवी आहेत

‘गुन्हेगारांसाठी कसली वर्गणी मागता?’ कैद्यांचं ऐकून घेण्याच्या कामासाठी आमच्या मंडळातर्फे दारोदार फिरताना हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याचं चुकत नाही, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो आणि मग मागणं मांडतो.

बहुतेक देशांत आत्महत्येचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा तुरुंगात जास्त आहे. कारण विचारलं तर लोक शिक्षा, बदनामी, न मिळालेला जामीन एवढं सांगून थांबतात. ती कारणं खरीच आहेत. खटला अजून संपलेला नाही अशा कच्च्या कैद्यांना धोका अधिक, आत आल्यानंतरचे पहिले दिवस अधिक कठीण, आणि कोठडीत एकटं ठेवलेल्याचं तर विचारूच नका. पण कैद्यांवरच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा सततची हेटाळणी सोसलेल्या कैद्यांमध्ये जीव द्यायचा प्रयत्न केलेले इतरांपेक्षा जास्त आढळतात. तुरुंगाबाहेरही चित्र वेगळं नाही. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात झालेल्या प्रौढांमध्ये दारू, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला होता.

याचा अर्थ अत्याचार सोसलेलं मूल पुढे गुन्हा करतंच किंवा जीव देतंच असा मुळीच नाही. बहुतेक जण यातलं काहीच करत नाहीत. आणि कैद्याचं दुःख ऐकलं म्हणून त्याचा गुन्हा माफ होत नाही. ते काम न्यायालयाचं, आमचं नाही.

आत येणाऱ्या माणसाचा पहिला तास बघा. कपडे उतरवून अंगझडती होते. लहानपणी ज्याच्या अंगाला नको ते हात लागले, तो तिथेच गोठतो किंवा अंगावर धावून जातो, आणि नोंद होते ‘उद्धट’. मग टेबलापाशी प्रश्न सुरू: नाव, वय, आजार, व्यसन, जीव द्यावासा वाटतो का? मागे रांग, बाजूला शिपाई. तो ‘नाही’ म्हणतो. अशा ठिकाणी आपणही दुसरं काय म्हणणार? रात्री गस्तीची पावलं दाराशी थांबली की त्याची झोप उडते, कारण लहानपणीही पावलं अशीच दाराशी थांबायची.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या, कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या नेल्सन मंडेला नियमांत, नव्या कैद्याची लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी करून त्याच्या मनावरचा ताण आणि आत्महत्येचा धोका ओळखावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. नियम चांगला आहे, पण ‘नाही’मागचं खरं उत्तर यायला वेळ लागतो, आणि आतल्या डॉक्टरांकडे नेमका तोच नसतो.

म्हणून आम्हाला माणसं हवीत. १९९१ साली ब्रिटनमधल्या स्वान्झी तुरुंगात निवडक कैद्यांनाच ऐकण्याचं प्रशिक्षण देण्यात आलं, आणि पुढे ही पद्धत तिथल्या इतर तुरुंगांतही गेली. कैदी कैद्याजवळ बोलतो, साहेबाजवळ नाही, हे त्यामागचं साधं गणित. आम्हालाही तेच करायचं आहे. त्यासाठी प्रशिक्षक, समुपदेशक, निवृत्त परिचारिका आणि शिक्षक यांनी पुढे यावं. स्वतः तुरुंगवास भोगून बाहेर आलेल्यांचं तर विशेष स्वागत. आठवड्यातून एकदा यावं लागेल, आणि ते न चुकता. आतल्या अशा कैद्याला आयुष्यभर मोठ्यांनी ‘येतो’ म्हणून फसवलेलं असतं. आपण त्यात भर घालायची नाही.

प्रवचन द्यायची हौस असेल त्यांनी कृपया येऊ नये. ‘लहानपणी काय झालं ते सांग’ असं खोदून विचारणाऱ्यांनीही नाही. तो सांगेल तेव्हा ऐकायचं. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. मात्र जिवाला धोका दिसला तर डॉक्टरांना कळवावंच लागेल, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगायचं. फोटो काढता येणार नाहीत.

पैसेही लागणार आहेत: समुपदेशकांचं मानधन, प्रशिक्षणाचा खर्च, आणि सुटून गेलेल्यांशी पहिले काही महिने संपर्क ठेवण्यासाठी प्रवासखर्च. सुटकेनंतरचे पहिले आठवडेही धोक्याचेच असतात, पण तोवर फाइल बंद झालेली असते. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा थोडी, पण नियमित रक्कम आम्हाला जास्त उपयोगी पडते, कारण समुपदेशक अर्ध्यावर थांबवता येत नाही.

हे वाचताना स्वतःचंच काही वर आलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर स्वयंसेवक म्हणून नाव देण्याची घाई करू नका. विश्वासातल्या माणसाशी, डॉक्टरांशी किंवा मदतवाहिनीशी आजच बोला.

नावनोंदणी आणि देणगी मंडळाच्या कार्यालयात स्वीकारली जाईल. प्रत्येक रकमेची पावती मिळेल. नाव जाहीर होऊ नये असं वाटत असेल तर पैसे देतानाच तसं सांगा.