गोपनीय शिक्का आणि शिरोड्याचं मीठ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, सरकारी कागद बाहेर काढणारे सगळे गद्दार, सरळ आत टाका त्यांना, असं. मी दोन दिवस गप्प राहिलो, मग राहवेना, कारण मुंबईत संरक्षण खात्याच्या एका स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढून मी आता शिरोड्याला घरी येऊन राहिलोय आणि गोपनीय शिक्का काय असतो ते थोडंफार बघितलंय. शिवाय घरात सध्या तोच विषय आहे, भाच्याला केंद्र सरकारची नोकरी लागतेय आणि तो अटेस्टेशन फॉर्म पुढ्यात घेऊन बसलाय. "मामा, ह्या सगळा कित्याक विचारतत?" म्हणतो. कुठे कुठे राहिलास, कधी अटक झाली होती का, केस चालू आहे का, गावातल्या दोन जबाबदार माणसांची नावं दे. माझ्या वेळी हवालदार आला, शेजारच्या काकींना विचारलं झील कसो आसा, त्या म्हणाल्या बरो आसा, दारू पिणा नाय, हवालदार कोकम सरबत पिऊन गेला, झालं माझं व्हेरिफिकेशन.

अमेरिकेत याचं मोठं शास्त्र करून ठेवलंय. तिथे कॉन्फिडेन्शियल, सिक्रेट, टॉप सिक्रेट अशा गुप्ततेच्या तीन पायऱ्या, आपल्याकडे खाली रिस्ट्रिक्टेड धरून चार. तिथे तुम्ही स्वतः उठून क्लिअरन्स, म्हणजे गुप्त कागद बघायची परवानगी, मागू शकत नाही, ज्या कामाला ते लागतं त्या कामावर घेणाऱ्यानेच तुमचं नाव पुढे करायचं, मग तुम्ही एसएफ-८६ नावाचा शंभरावर पानांचा फॉर्म भरायचा, त्यात दहा वर्षांतली घरं, नोकऱ्या, परदेशातले नातेवाईक, गांजा ओढला होता का, कर्ज किती. कर्ज एवढ्यासाठी की गळ्यापर्यंत बुडालेला माणूस विकत घ्यायला सोपा. टॉप सिक्रेट असेल तर तपासणारा माणूस शेजारीपाजारी, जुन्या साहेबांकडे जाऊन विचारतो. आणि एवढं होऊन क्लिअरन्स मिळालं तरी सगळी कपाटं उघडी होत नाहीत, तुमच्या कामापुरतंच बघायचं हा नियम वेगळा, आणि गप्प राहण्याच्या करारावर सही, ती नोकरी सुटली तरी सुटत नाही.

आता गंमत बघा. एडवर्ड स्नोडेन, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचं काम करणारा, ज्याने सरकार लोकांचे फोन-इंटरनेट कसं चोरून बघतं त्याचे गुप्त कागद २०१३ मध्ये देश सोडून पत्रकारांना दिले, त्याच्याकडे हे सगळं होतं. २०११ मध्ये त्याची फेरतपासणी झाली ती सरकारने एका खाजगी कंपनीकडून करून घेतली होती, आणि त्याच कंपनीवर पुढे अमेरिकन सरकारनेच आरोप ठेवला की साडेसहा लाखांवर फाइली अर्धवट असतानाच तपासून झाल्या म्हणून पाठवल्या. आमचा हवालदार निदान घरी तरी आला होता! पण समजा नीट तपासला असता तरी काय सापडलं असतं? फॉर्ममध्ये पैशाची भानगड पकडायला रकाना आहे, रात्री झोप उडेल अशी गोष्ट ऑफिसात दिसली तर तू काय करशील याला रकाना नाही. उलट हेच हत्यार नको असलेल्या माणसावर चालवता येतं, अणुबॉम्ब बनवणाऱ्या ओपनहायमरचं क्लिअरन्स १९५४ मध्ये काढून घेतलं, ती चौकशीच सदोष होती म्हणून तो निर्णय रद्द केला २०२२ मध्ये, माणूस १९६७ लाच गेलेला.

आणि आपल्याकडचं बघायचं तर लांब कशाला, शेखाडी घ्या. १९९३ च्या सुरुवातीला श्रीवर्धनच्या त्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली, आणि पुढे टाडा कोर्टाने ज्यांना दोषी धरलं त्यात कस्टम्सचे आणि पोलिसातले लोकही होते. सगळे सरकारी नोकर, चारित्र्य पडताळणी होऊनच नोकरीला लागलेले. त्यातल्या एकाने जरी वरिष्ठाला डावलून कुठे बोंब मारली असती तर? नियम मोडला म्हणून त्याला तुम्ही गद्दार म्हटलं असतंत काय?

पत्रलेखकाचा एक मुद्दा मात्र मला पटण्यासारखा वाटला होता, की एवढा खरा होता तर स्नोडेन पळाला कशाला, सत्याग्रही पळत नाही. आम्ही शिरोड्याचे, आम्हाला हे कोणी शिकवायला नको. १९३० च्या मे महिन्यात इथल्या मिठागरांवर लोकांनी उघड मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले, आणि त्याआधी गांधीजींनी तर व्हाइसरॉयला आधी पत्र लिहून कळवलं होतं की मी कायदा मोडणार आहे. चोरून काही नाही. या मापाने स्नोडेन कमी पडतो असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. पण सत्याग्रहीला कोर्टात निदान तोंड उघडता येत होतं हे आपण विसरतो, १९२२ ला अहमदाबादला गांधीजींनी न्यायाधीशासमोर पूर्ण निवेदन वाचलं आणि हवी ती मोठी शिक्षा द्या म्हणाले. अमेरिकेतला १९१७ चा हेरगिरीचा कायदा, जो स्नोडेनला लावलाय, त्यात मी लोकांच्या भल्यासाठी केलं हा बचावच चालत नाही. व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद १९७१ मध्ये पेपरांना देणारे डॅनियल एल्सबर्ग पळाले नाहीत, बॉस्टनला स्वतःहून हजर झाले, आणि त्यांच्या वकिलाने कोर्टात विचारलं की हे तुम्ही का केलंत तर तो प्रश्नच चालू दिला नाही, असं ते पुढे सांगायचे. केस सुटली ती सरकारने त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या ऑफिसात घरफोडी केली वगैरे भानगडी बाहेर आल्या म्हणून. तुरुंगात जायला हरकत नाही हो, पण का ते सांगू न देता आत टाकणार असाल तर मग सत्याग्रह करायचा कुणापुढे?

मग म्हणतील, रीतसर तक्रार करा. थॉमस ड्रेक म्हणून स्नोडेनच्याच त्या एनएसएमधले अधिकारी, त्यांनी रीतसरच केली, साहेब, चौकशी अधिकारी, सगळ्या पायऱ्या. २००७ मध्ये त्यांच्याच घरावर धाड आली, शेवटी गंभीर आरोप सगळे गळून पडले आणि एका किरकोळ गुन्ह्यावर प्रोबेशन, पण नोकरी गेली ती गेलीच. आपले सत्येंद्र दुबे आठवतात का, हायवेच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणाले होते, नोव्हेंबर २००३ मध्ये गयेला गोळ्या घालून मारलं. त्यानंतर अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि लागू आजतागायत नाही. १९२३ चा इंग्रजांचा गोपनीयतेचा कायदा मात्र व्यवस्थित लागू आहे.

सगळेच बाहेर काढणारे साधू असतात असं मी म्हणत नाही. तो २१ वर्षांचा टेक्सेरा, अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डमधला, ऑनलाइन गेम खेळणाऱ्या दोस्तांपुढे शायनिंग मारायला युक्रेन युद्धाचे टॉप सिक्रेट कागद टाकत होता, त्याला पंधरा वर्षं दिली ते बरंच झालं. अमेरिकन लष्करातल्या चेल्सी मॅनिंगने विकिलीक्सला सात लाखांवर कागद दिले, त्यातला प्रत्येक कागद वाचून दिला असेल असं मला वाटत नाही, तिथे माझं मन अजून अडकतं.

माझं स्वतःचं सांगायचं तर आमच्याकडे एकदा स्टॉकच्या वहीत डिझेलचा मेळ बसत नव्हता आणि मी साहेबांना दाखवलं तर दुसऱ्या दिवशी त्या फाइलवर गोपनीय शिक्का. त्याच कपाटात ऑफिसातल्या खुर्च्यांच्या खरेदीची फाइलही गोपनीयच होती, खुर्च्यांमध्ये देशाचं कसलं गुपित देव जाणे. मी सही केलेली होती, घरी दोन मुलं शिकत होती, मी गप्प बसलो. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

आमच्या खालच्या वाडीतल्या मच्छीमारांना २६/११ नंतर सांगितलं गेलं, तुम्ही समुद्रावरचे कान-डोळे आहात, संशयास्पद बोट दिसली की १०९३ ला फोन करा. ते करतातही. सरकारी कपाटातलं संशयास्पद काही दिसलं तर कारकुनाने कुठला नंबर लावायचा तेवढं आपल्या खासदारांना विचारा, तो २०१४ चा कायदा अडकलाय कुठे तेही.

पत्राखाली पूर्ण नाव-पत्ता लिहिला आहे, पण छापताना तेवढं गाळा. भाच्याचं व्हेरिफिकेशन अजून व्हायचंय.

— एक निवृत्त स्टोअरकीपर, शिरोडा, ता. वेंगुर्ला