रिपोर्ट नॉर्मल आले, पण त्रास खरा होता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ठाणं सुटलं आणि अचानक माझ्या छातीत धडधडायला लागलं, तळहाताला घाम, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना आणि डोक्यात एकच, आता आपण मरतोय. लेडीज डब्यातल्या एका मावशींनी स्वतः उठून खिडकीपाशी बसवलं, पाणी पाजलं. घाटकोपरला उतरून थेट दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." घरी सासूबाई तेच म्हणाल्या, ऑफिसातही तेच, पण घ्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय हे कुणीच सांगेना.

मग मी फास्ट सोडून स्लो पकडायला लागले, म्हणजे कुठंही उतरता येईल, मग गर्दीची वेळ टाळायला लागले, मग लग्नकार्याला जाणं बंद, शेवटी शेवटी तर भाजी आणायलासुद्धा मुलाला सोबत न्यायचे. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि त्यामुळेच भीती आणखी वाढत जाते, हे मला चार महिन्यांनी एका समुपदेशक बाईंनी समजावलं. तेव्हा कळलं की याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं, बहुतेक वेळा दहा मिनिटांत जोर ओसरायला लागतो, आणि त्या मुंग्या येतात भराभर श्वास घेतल्यामुळे. नुसतं एवढं कळलं तरी निम्मी भीती गेली माझी!

बाईंनी श्वास सोडायचा शिकवला, समोर निरांजन आहे असं समजून ज्योत हलेल पण विझणार नाही इतकी हळू फुंकर. आणि प्रवास परत सुरू केला तो डोंबिवली ते कोपर, एकच स्टेशन, तेच रोज, मग दिवा, मग मुंब्रा. ठाण्यापर्यंत पोचायला दीड महिना लागला. धडधड होते अजूनही कधीतरी, पण आता मी उतरत नाही.

छातीत दुखलं तर आधी डॉक्टरकडे जायलाच हवं, थायरॉइडही तपासून घ्यावं. पण शेजारणीला लागू पडली म्हणून तिची झोपेची गोळी घेऊ नका प्लीज, मी घेतली होती, त्यातल्या काहींची सवय लागते.

आपल्याला एकच विनंती. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास आणि मराठीतून बोलता येतं. मला हा नंबर त्या चार महिन्यांत कुणी सांगितला नाही. पेपरात राशिभविष्याशेजारी रोज एवढीशी चौकट छापाल का? दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत तर पहिल्या पानावरच छापा.

आपली एक वाचक,
डोंबिवली