डॉमिनिकाला जाताय? आधी डाइव्ह, मग डोंगर

महोदय,

पर्यटन पुरवण्यांमधून आता कॅरिबियन बेटांचीही माहिती येऊ लागली आहे. त्यातल्या डॉमिनिका या ज्वालामुखीय बेटावर स्कूबा (सिलिंडर लावून पाण्याखाली जाणे, म्हणजेच डाइव्ह) आणि स्नॉर्केलिंगसाठी (मास्क व नळी लावून पृष्ठभागावरून पोहणे) जाणाऱ्यांना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दुपारपर्यंत दोन डाइव्ह आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ‘बॉयलिंग लेक’ या डोंगरातल्या उकळत्या तळ्याचा ट्रेक, किंवा परतीच्या विमानाआधी ‘जाता जाता एक डाइव्ह’ असा कार्यक्रम कोणी आखून दिला असेल, तर तो बदलून घ्या.

पाण्याखालच्या दाबामुळे श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर कित्येक तास हळूहळू बाहेर पडत राहतो. तेवढ्यात भोवतालचा दाब आणखी कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखू लागतात. मज्जारज्जूला इजा झाली तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या डाइव्ह-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या सूचनेनुसार एका डाइव्हनंतर किमान 12 तास, आणि एकाहून अधिक किंवा सलग काही दिवसांच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमान टाळायचे. विमानाचे हे बहुतेकांना माहीत असते, डोंगराचे मात्र विसरते. वरचे आकडे 600 ते 2,400 मीटर उंचीवर असतो तेवढ्या दाबासाठी आहेत, आणि बॉयलिंग लेकच्या वाटेवरचा मॉर्न निकोल्स हा डोंगर 900 मीटरहून उंच आहे. शिवाय जाऊन-येऊन सहा तासांची, घाम काढणारी चाल. शरीराला दोन्ही भार एकदम का द्यायचे?

सात दिवस असतील तर पहिले तीन दिवस सकाळी डाइव्ह करा. चौथ्या दिवशी सिलिंडरला हात लावायचा नाही, फक्त पृष्ठभागावरून स्नॉर्केलिंग. पाचव्या दिवशी ट्रेक, सहावा दिवस राखीव, कारण तिथला पाऊस कोणाचे वेळापत्रक पाळत नाही. वॉटन वेव्हन गावातल्या गंधकाच्या गरम कुंडांत डुंबायचे तेही याच दिवसांत. डाइव्हनंतर लगेच गरम पाण्यात बसणे बरे नाही. विमानतळ ईशान्येला आणि डाइव्हच्या जागा नैर्ऋत्येला आहेत. राजधानी रोझोहून विमानतळाचा रस्ताही बेटाच्या मधल्या डोंगरांतून जातो. तेव्हा तास मोजताना विमानाची वेळ न धरता गाडीत बसण्याची वेळ धरा.

या बेटाचा किनारा पाण्याखालीही डोंगरासारखाच उतरतो. सूफ्रिएरचा उपसागर म्हणजे बुडालेले ज्वालामुखीचे मुख. तिथल्या भिंतीलगत पोहताना खाली तळ दिसतच नाही, पाणी स्वच्छ असल्याने खोलीचा अंदाज चुकतो आणि नवखा माणूस नकळत खाली जातो. खोली आणि वेळ दाखवणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर सतत बघत राहायचा. तारकर्ली-मालवणला इन्स्ट्रक्टरने धरून केलेली डाइव्ह म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, हे आपल्याकडे अनेकांना माहीत नसते. प्रमाणपत्र नसेल तर तिथेही इन्स्ट्रक्टरबरोबर 12 मीटरपर्यंतच जाता येते. ‘ओपन वॉटर’ हे पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र असेल तर 18 मीटर. हा कोर्स पावसाळ्याआधी इथेच पूर्ण करावा. किंवा थिअरी आणि तरणतलावातला सराव इथे करून समुद्रातल्या चार डाइव्ह तिथे करता येतात, पण मग पहिले दोन दिवस त्यातच जातील.

स्नॉर्केलिंगसाठी ‘शॅम्पेन’ ही जागा खरोखर विलक्षण आहे. तळातल्या भेगांतून ज्वालामुखीच्या वायूचे बुडबुडे सतत वर येत असतात, काही दगड हाताला कोमट लागतात. जिथून बुडबुडे निघतात तिथे हात घालू नका, काही भेगांतले पाणी भाजण्याइतके गरम असते. किनारा गोट्यांचा आहे, त्यामुळे जाड तळव्याचे बूट आणि त्यावर चढणाऱ्या पट्ट्याच्या फिन्स घ्याव्यात. लांब काट्यांचे काळे समुद्री साळू (सी अर्चिन) खूप आहेत. उथळ पाण्यात उभे राहू नये. नोव्हेंबर ते एप्रिल हा क्रूझ जहाजांचा हंगाम, म्हणून जहाजातली माणसे उतरायच्या आत सकाळी लवकर जावे. जोराचा पाऊस झाला की नद्यांचा गाळ समुद्रात येतो, त्या दिवशी नदीच्या मुखाजवळ काही दिसत नाही. बेटाच्या दक्षिण टोकाच्या स्कॉट्स हेडला एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र आहे. पाण्यात उतरायचे ते कॅरिबियनच्या बाजूने.

फेब्रुवारी ते मे हे महिने उत्तम. चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो. 2017च्या सप्टेंबरमध्ये ‘मारिया’ने हे बेट उद्ध्वस्त केले होते.

तिकीट काढताना विमानतळाचा कोड ‘डीओएम’ आहे ना, हे पाहा. डोमिनिकन रिपब्लिक हा वेगळा देश आहे. डॉमिनिका आणि वाटेत विमान बदलण्याच्या बार्बाडोससाठी भारतीयांना सध्या आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण मायामीमार्गे गेलात तर केवळ विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसाचे नियम आधी तपासा. त्रिनिदादमार्गे येणार असाल तर पीतज्वराची लस निदान 10 दिवस आधी घ्या, नाहीतर परतल्यावर आपल्याच विमानतळावर अडचण होऊ शकते.

बेटांदरम्यानच्या छोट्या विमानांत सामान मागे राहू शकते. मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर आणि टॉर्चच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवा. चष्मा असणाऱ्यांनी नंबरची काच बसवलेला मास्क इथूनच न्यावा. दमा, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असेल तर वैद्यकीय फॉर्मवर डॉक्टरांची सही निघण्यापूर्वीच घ्या. तिथे बोटीवर चढताना सही नसेल तर डाइव्ह नाकारतात, आणि ते योग्यच आहे. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेले असते. दाबकक्षात (जास्त दाबाच्या हवेच्या बंद खोलीत) उपचार आणि दुसऱ्या बेटावर विमानाने हलवण्याचा खर्च पॉलिसीत स्पष्ट लिहिलेला आहे ना, ते वाचूनच पैसे भरा.

– एक स्कूबा प्रशिक्षक, मालवण