बाबा, लेथ एवढ्यात विकू नका

बेंगळूर, रविवार

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आपल्या शेडमधले, धातू कातणारे दोन्ही लेथ विकून, वर बँकेचे कर्ज काढून धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगचे मशीन घ्यावे, असा विचार दादाने बोलून दाखवला आणि बाबांनी त्यावर माझे मत विचारले, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. फोनवर अशा विषयाचे बोलणे अर्धेच होते आणि दादा मध्ये बोलू लागला की तेवढेही होत नाही. मी इथे ज्या कारखान्यात काम करते तिथे ही यंत्रे रोज चालतात, त्यामुळे मला त्यांचे कौतुक आहे आणि ती कुठे अडतात हेही माहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. लेथ विकू नयेत, धातूचे मशीन आत्ता घेऊ नये, आणि प्लॅस्टिकचे एक लहान मशीन मात्र जरूर घ्यावे.

बाबा, तुमचे आजवरचे सगळे काम धातू काढण्याचे आहे. बार असो, ठोकून घडवलेले फोर्जिंग असो की फाउंड्रीतून ओतून आलेले कास्टिंग असो, जॉबमध्ये जे नको ते टूलने काढत गेले की हवा तो आकार उरतो, आणि जिथे टूल पोहोचत नाही तिथे आकारही देता येत नाही. या नव्या पद्धतीत काढण्याऐवजी भर घातली जाते. संगणकावरच्या ड्रॉइंगचे आडवे, पातळ काप करतात आणि एकेक काप आधीच्या कापावर चढवत खालून वर जॉब उभा करतात. आई, त्यातले प्लॅस्टिकचे मशीन म्हणजे थेट तुझा चकलीचा सोऱ्या आहे. सुमारे दोनशे अंशांना मऊ झालेले प्लॅस्टिक ०.४ मि.मी.च्या छिद्रातून तारेसारखे बाहेर येते, ते छिद्र ड्रॉइंगप्रमाणे फिरत राहते आणि एकावर एक थर बसत जातात. दादाला हे सगळे कालपरवाचे वाटते, पण प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवापासून थर घडवण्याची पद्धत अमेरिकेत चक हल यांनी १९८३ मध्ये शोधली आणि १९८६ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. प्लॅस्टिकच्या तारेची पद्धत स्कॉट क्रम्प यांची. तिचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले आणि त्यानंतरच ही लहान यंत्रे स्वस्त होत शाळा-कॉलेजांपर्यंत पोहोचली.

दादाच्या मनात आहे ते धातूचे मशीन याहून फार वेगळे आहे. त्यात एका बंद पेटीत जाड, सपाट प्लेट असते. तिच्यावर धातूच्या भुकटीचा साधारण ३० ते ६० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर एक पाते पसरवून जाते, त्या थरात ड्रॉइंगप्रमाणे जिथे धातू हवा तेवढ्याच जागेवरून लेसरचा झोत फिरतो, तिथली भुकटी वितळते आणि खालच्या थराशी एकजीव होऊन गोठते. मग प्लेट एका थराइतकी खाली उतरते आणि पुन्हा भुकटी पसरली जाते. वितळलेल्या धातूला ऑक्सिजन लागू नये म्हणून पेटीत आर्गॉन किंवा नायट्रोजन भरलेला असतो. १०० मि.मी. उंचीचा जॉब ४० मायक्रॉनच्या थरांनी घडवायचा म्हटले तर २५०० थर लागतात, आणि एका थराला २० सेकंद धरले तरी जवळजवळ चौदा तास जातात. थराचे क्षेत्रफळ मोठे असेल तर वेळ त्याहून कितीतरी वाढतो. एवढा वेळ दिला तर आपल्या लेथवर किती फ्लँज निघतील, याचा हिशेब बाबांना कागद न घेता करता येईल.

प्रदर्शनात जे दाखवत नाहीत, ते याच्यापुढे सुरू होते. पेटी उघडली की जॉब प्लेटला वेल्डिंग केल्यासारखा चिकटलेला असतो. प्रत्येक थर वितळून भराभर थंड झाल्याने जॉबमध्ये आतून ताण साठलेला असतो आणि तो तसाच कापला तर वाकतो, म्हणून आधी प्लेटसकट भट्टीत घालून ताण काढावा लागतो. त्यानंतर वायरकटवर, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर, तो प्लेटपासून वेगळा करायचा. जो भाग आडवा हवेत निघालेला असतो, साधारणपणे आडव्या पातळीशी ४५ अंशांहून कमी कोन करणारा, त्याच्याखाली छापताना धातूचेच आधार उभे करावे लागतात आणि नंतर ते हाताने तोडून घासावे लागतात. आतल्या मार्गांत अडकलेली भुकटी झटकून काढायची असते, आणि जॉब विमानाचा असेल तर धातूतली बारीक छिद्रे मिटवण्यासाठी त्याला पुन्हा उच्च दाबाच्या वायूत तापवायचे असते. इतके झाल्यावर जो पृष्ठभाग मिळतो तो हाताला खरखरीत लागतो आणि माप ०.१ मि.मी.च्या आसपास मागेपुढे असते. हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये तेलाची वाट बदलणारी दांडी, म्हणजे स्पूल, जिथे सरकते तो बोअर काही मायक्रॉनच्या आत लागतो. तो छापून मिळत नाही. बेअरिंगची जागा, आटे, सील बसण्याचा खाचा, दोन भाग एकमेकांना टेकतात ती तोंडे, या सगळ्यांवर अर्धा-एक मिलिमीटर धातू जास्त ठेवून जॉब छापतात आणि शेवटी तो व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, किंवा लेथवरच चढतो.

दादाला जे कोणी सांगत नाही ते इथेच आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. बार चकमध्ये धरता येतो, ब्लॉक व्हाइसमध्ये बसतो, कास्टिंगलाही बहुतेक वेळा एखादी तरी सरळ बाजू असते. छापलेला जॉब मुळातच अशा आकारासाठी निवडलेला असतो की त्याला सरळ बाजू सापडत नाही. त्याच्या भिंती पातळ असतात, जोराने आवळल्या तर दबतात, सैल धरल्या तर टूल लागताच थरथरतात. माप कुठून घ्यायचे, जॉब कशावर टेकवायचा, पहिली तोंडे कोणती मारायची आणि त्यांच्या आधाराने पुढची कोणती, हे ठरवण्यात आमच्या इथे अनुभवी माणसांचे दिवसच्या दिवस जातात. प्रिंटिंग शिकलेली मुले भरपूर मिळतात, पण वेडावाकडा जॉब कसा धरावा हे समजणारा सेटर मिळत नाही. बाबा, कोऱ्या कास्टिंगवर खडूने खुणा करून, खाली पॅकिंग सरकवून तुम्ही जे वर्षानुवर्षे करत आला आहात ते हेच काम आहे, आणि या नव्या धंद्यात त्याला आज चांगला दर मिळतो.

आता पैशांचे. मशीनिंगमध्ये आकार जितका अवघड तितकी सेटिंग वाढतात आणि खर्च चढतो. प्रिंटिंगमध्ये खर्च मुख्यतः किती भुकटी वितळवायची आणि किती थर चढवायचे यावर असतो, म्हणून आकार गुंतागुंतीचा आहे एवढ्याने दर फारसा वाढत नाही, पण साधा आहे म्हणून तो उतरतही नाही. दादाला पटेल असे उदाहरण आपल्याच गावाच्या धंद्यातले देते. हायड्रॉलिकच्या मॅनिफोल्ड ब्लॉकमध्ये, म्हणजे दाबाचे तेल वाटून देणाऱ्या धातूच्या ठोकळ्यात, तेलाचे मार्ग सरळ ड्रिल मारूनच करावे लागतात, एक मार्ग दुसऱ्याला आत मिळवायचा तर तिसऱ्या बाजूने भोक पाडून नंतर त्याला प्लग ठोकावा लागतो, आणि जिथे भोके मिळतात तिथली बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची कुसळे, काढता काढता ऑपरेटर जेरीस येतो. तोच भाग छापला तर तेलाचा मार्ग नदीच्या वळणासारखा गोलसर करता येतो, प्लगची गरज राहत नाही, आणि मार्गांभोवती लागेल तेवढाच धातू ठेवल्याने वजन खूप उतरते. विमानाच्या कामात वाचलेल्या प्रत्येक किलोला किंमत असते, म्हणून तिथे हा खर्च परवडतो. टिपर किंवा ट्रॅक्टरच्या मालकाला चार किलो वजन कमी झाल्याचे काहीच वाटणार नाही. आपले बहुतेक जॉबवर्क या दुसऱ्या गिऱ्हाइकाचे आहे. शिवाय भुकटी त्याच धातूच्या बारपेक्षा कितीतरी पट महाग पडते, आणि लेथखाली पडलेला बुरा निदान भंगारात विकला तरी जातो.

इस्रोचे उदाहरण दादा सगळ्यांना सांगत फिरतो, हे मला ठाऊक आहे. ते खोटे नाही. पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे इंजिन इस्रोने या पद्धतीने घडवून घेतले आणि ९ मे २०२४ रोजी ते ६६५ सेकंद चालवून तपासले. पूर्वीच्या १४ भागांच्या जागी एकच भाग झाला, वेल्डिंगचे १९ सांधे गेले, आणि एका इंजिनामागे जिथे ५६५ किलो फोर्जिंग व पत्रा लागत असे तिथे १३.७ किलो भुकटी पुरली. हे आकडे वाचताना मलाही अभिमान वाटतो. परंतु अशी इंजिने वर्षाकाठी मोजकीच लागतात, त्यांतल्या प्रत्येक वेल्डिंगची तपासणी करावी लागते, आणि एक सांधा फुटला तर सगळे उड्डाण जाते. सांधा नाहीसा होणे हीच तिथे मोठी कमाई आहे. महिन्याला पाचशे नग देणाऱ्या शेडला तो हिशेब लावता येणार नाही.

धातूच्या मशीनबद्दल आणखी दोन गोष्टी आईने नीट ऐकाव्यात, कारण शेड घराला लागून आहे. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमची बारीक भुकटी हवेत उडाली आणि ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. आर्गॉनला वास नसतो आणि तो बंद खोलीत साठला तर माणूस गुदमरल्याचे त्याला स्वतःलाही कळत नाही. यासाठी वेगळी खोली, अर्थिंग, हवेतला ऑक्सिजन मोजणारे यंत्र आणि शिकवलेली माणसे लागतात. मशीनची किंमत कोटीच्या घरात जाते ती वेगळीच, आणि विमान कंपन्यांचे काम हवे असेल तर प्रमाणपत्रांसाठी जो वेळ जातो तेवढ्या काळात कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

म्हणून मी प्लॅस्टिकच्या मशीनचा आग्रह धरते. ते वीस-तीस हजारांपासून मिळते आणि घरच्या विजेवर चालते. त्यावर ड्रिलिंगचे जिग, तपासणीचे गेज, नाजूक जॉब धरण्याचे मऊ जबडे आणि असेंब्लीचे साचे करता येतात, ज्यांच्यासाठी आज आपण ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि व्हीएमसीचा अर्धा दिवस घालवतो. फक्त एवढे लक्षात ठेवावे की थर एकमेकांपासून सुटू शकतात, म्हणून ज्या दिशेने ओढ बसणार तिच्याशी काटकोनात थर येऊ देऊ नयेत. सर्वांत स्वस्त प्लॅस्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडते, तेव्हा गरम जॉबजवळ ते वापरू नये.

याहून मोठा उपयोग मला फाउंड्रीसाठी दिसतो. उद्यमबाग आणि मच्छेच्या पट्ट्यात जुन्या पंपाची किंवा गिअरबॉक्सची दोन-चारच कास्टिंग हवी असलेली गिऱ्हाइके नेहमी येतात आणि वाळूत साचा उठवण्यासाठी लागणाऱ्या लाकडी नमुन्याचा, म्हणजे पॅटर्नचा, खर्च ऐकून परत जातात. असा पॅटर्न छापता येतो. त्याला वाळूतून सुटण्यासाठी उतार द्यावा, ग्रे आयर्न आटते म्हणून माप साधारण एक टक्का मोठे धरावे, थरांच्या रेघा पॉलिशपेपरने घासून वर रंग मारावा, म्हणजे वाळू चिकटत नाही. मोठ्या शहरांत तर पॅटर्नशिवाय थेट वाळूचाच मोल्ड छापून देणारी यंत्रे आहेत. त्यांत वाळूच्या थरावर चिकट द्रव्य फवारतात आणि कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा आतला अवघड कोअरही एकसंध मिळतो. ते मशीन घेण्याची गरज नाही, काम आले तर मोल्ड मागवून आपल्या नेहमीच्या फाउंड्रीत त्यात धातू ओतून घेता येतो. शेकडो नग असतील तर मात्र जुना पॅटर्नच स्वस्त पडतो, आणि पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रीकाकांना दादाने उगाच घाबरवू नये.

छापलेले धातूचे जॉब फिनिश करून देण्याचे काम मिळवण्यासाठी लेथ शेडमध्ये असणेच जरुरीचे आहे. इथल्या दोन-तीन ठिकाणी मी दर विचारून ठेवले आहेत. ते दादाला वेगळे कळवते, म्हणजे तो माझ्याशी भांडण्याआधी निदान वाचेल.

बाबांनी आता एवढे करावे. पॅटर्नअभावी अडलेले एखादे लहान कास्टिंग निवडावे आणि मशीनिंगसाठी कुठे किती धातू ठेवायचा हे ड्रॉइंगवर स्वतःच्या हाताने लिहून त्याचा फोटो मला पाठवावा. पॅटर्न मी इथून छापून बसने पाठवते. आपल्या नेहमीच्या फाउंड्रीत त्यावरून दोन नग ओतून घ्यावेत, त्याच लेथवर चढवून मापे तपासावीत, लाकडी पॅटर्नच्या खर्चाशेजारी हा खर्च मांडावा, आणि बँकेत जायचे की नाही हे दादाने त्यानंतर ठरवावे.

तुमची लेक,
मनीषा