नोट उलटून दाखवणाऱ्यांचे आभार

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावच्या संग्रहालयात अमेरिकन क्रांतीच्या काळातल्या ‘कॉन्टिनेन्टल’ नोटा नीट पाहता आल्या, त्या तिथल्या स्वयंसेवकांमुळे. नावं विचारायची राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार.

काचेमागे नोटेची एकच बाजू दिसते आणि खरी गंमत असते पाठीमागे. हातमोजे घालून नोट अलगद उलटणाऱ्या, माझ्या हाती भिंग देणाऱ्या आजींचे आभार सर्वांत आधी. मागे झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा, शीर न् शीर उमटलेली! ही युक्ती बेंजामिन फ्रँकलिनची. दोन पानांच्या शिरा कधी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे नक्कल करणं अवघड. कागदात अभ्रकाचे कणही मिसळलेले. दिवा तिरका धरून ते चमकवून दाखवणाऱ्या काकांचेही आभार.

१७७५ पासून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, ब्रिटनविरुद्धच्या युद्धाच्या खर्चासाठी या नोटा काढल्या. कर बसवायचा अधिकार नाही, छापखाना मात्र हाताशी! त्यात ब्रिटिशांनी खोट्या नोटा पसरवल्या. भाव इतका कोसळला की १७९० च्या कायद्याने १०० डॉलरच्या नोटांमागे १ डॉलर, तोही रोख्यांच्या रूपात, देऊ केला.

एवढं होऊनही हे कवडीमोल कागद ज्यांनी फेकले नाहीत आणि पुढे ज्या घराने ते संग्रहालयाला दिले, त्यांचे आभार कसे मानायचे? आणि हो, बंद व्हायची वेळ टळून गेल्यावरही माझ्यासाठी दिवे चालू ठेवणाऱ्या मुलाचे खास आभार.