तात्पुरत्या तारखांना मुदत हवी

महोदय,

दिवाळी पहाटेच्या मैफलींसाठी कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे असा सलग दौरा आखताना गायक, साथीदार आणि नाट्यगृह या तिघांच्या तारखा जुळाव्या लागतात. त्यांतली एखादी तोंडी राखून ठेवलेली तारीख ऐनवेळी सुटली, की पुढचा सगळा प्रवास विस्कटतो आणि तबला-संवादिनीच्या साथीदारांचे हंगामातले मोजके कमाईचे दिवस बुडतात. युरोप-अमेरिकेत तारीख राखताना इच्छुकांचा क्रम लावतात आणि दुसऱ्याने पक्की मागणी केल्यास पहिल्याला ठरावीक मुदतीत होकार द्यावा लागतो, नाहीतर हक्क सोडावा लागतो. आपल्याकडील नाट्यगृहांनी व संयोजकांनी ही पद्धत लेखी स्वरूपात स्वीकारावी आणि नको असलेली तारीख, ती नको हे ठरेल त्याच दिवशी मोकळी करावी, ही कळकळीची विनंती.

– एक संगीत संयोजक, सातारा